मेकॅनिकल घेऊ का बायोमेडिकल? कृत्रिम सांधे बनवायचेत

गोंधळी_गिअर:
नमस्कार मंडळी, फॉर्म भरायला आठवडा उरलाय आणि माझं अजून ब्रँचचंच ठरत नाहीये. आजोबांचा गुडघा बदलला तेव्हा डॉक्टरांनी एक्सरे दाखवला, त्यात तो पांढराशुभ्र धातूचा सांधा दिसला आणि तेव्हापासून डोक्यात बसलंय की आपण हेच बनवायचं. घरचे म्हणतात मेकॅनिकल घे, कुठेही खपशील. मैत्रीण म्हणते नावातच मेडिकल आहे तर तेच घे ना, एवढा विचार काय करतोस. दोन्हीचं पहिलं वर्ष बघितलं तर जवळपास सेमच वाटलं. गणित बरं आहे, बायोलॉजीच्या पाठांतराचा कंटाळा आहे. ज्यांनी केलंय त्यांनी खरं खरं सांगा, फक्त "आवड असेल ते कर" नको, ते ऐकून कान किटलेत.

टॉर्क_पाना:
मी मेकॅनिकल केलं, मग मास्टर्सला बायोमेकॅनिक्स (हाडं-सांध्यांवरचे जोर आणि हालचालींचं शास्त्र), म्हणजे दोन्ही डगरींवर पाय ठेवून झालाय. सांधेच बनवायचे असतील तर मेकॅनिकल घे असं माझं मत. चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच ते तीन पट लोड येतो, तोही प्रत्येक पावलाला, वर्षाला लाखो वेळा. फटीग (पुन्हापुन्हा भार येऊन धातू थकून तुटणं), झीज, वंगण, सगळं आपलंच.

जॉन चार्नली नावाचा ब्रिटिश सर्जन होता, त्याने खुब्याची वाटी आधी टेफ्लॉनची केली, कारण टेफ्लॉन गुळगुळीत. ती काही वर्षांतच झिजली आणि झिजलेल्या कणांनी आजूबाजूच्या टिश्यूंची वाट लावली. मग १९६२ मध्ये तो पॉलिइथिलीनवर आला. गोळा मात्र त्याने मुद्दाम लहान ठेवला होता, साधारण २२ मिमी, म्हणजे घर्षणाचा टॉर्क (पिळणारा जोर) कमी. घर्षण कमी म्हणजे झीज कमी असं नसतं, हे मला ट्रायबॉलॉजीचा (घर्षण आणि झिजेच्या शास्त्राचा) पेपर देऊनही नीट कळलं नव्हतं, या गोष्टीवरून कळलं.

आता मी कुठे आपटलो तेही सांगतो. प्रोजेक्टला प्राण्याच्या हाडाच्या पट्ट्या युटीएमवर (नमुने ओढून-वाकवून तपासायच्या मशीनवर) वाकवत होतो. सकाळचे आकडे एक आणि दुपारचे वेगळेच, प्रत्येक नमुना आधीच्यापेक्षा ताठर. मी लोड सेलला (भार मोजणाऱ्या सेन्सरला) शिव्या घातल्या, परत कॅलिब्रेट केला, फिक्श्चर खोलून पुन्हा बसवलं, तरी तेच. शेवटी बायोमेडिकलची एक ज्युनिअर आली, ट्रेकडे बघून म्हणाली, "दादा, हे असे उघड्यावर का वाळत टाकलेत?" सलाईनमध्ये भिजवलेल्या गॉजमध्ये गुंडाळून ठेवायचे असतात ते, हाड वाळलं की ताठर आणि ठिसूळ होतं. अख्खा दिवसाचा डेटा कचऱ्यात. चार वर्षं स्टील तोडलं, स्टीलने असं कधी केलं नव्हतं.

सलाईनवाली:
ती ज्युनिअर मी नाही, पण असू शकले असते 😄

दादांचं बरंचसं पटतं, पण "सगळं आपलंच" हे काय पटत नाही. मेकॅनिकलवाल्याला वाटतं जितकं मजबूत तितकं चांगलं. हाडाच्या बाहेरच्या कठीण थराचा मॉड्युलस (म्हणजे ताठरपणाचं माप) १५-२० गिगापास्कलच्या आसपास, टायटॅनियम मिश्रधातूचा साधारण ११० आणि कोबाल्ट-क्रोमचा २०० च्या वर. मग होतं काय, भार सगळा धातूच उचलतो, हाडाला कामच उरत नाही आणि ते हळूहळू विरळ होत जातं. पार्ट तुटत नाही, ज्यात बसवलाय तेच खचतं. हृदयाच्या कृत्रिम झडपेचंही तसंच, हृदयाचे वर्षाला साडेतीन कोटींच्या वर ठोके पडतात म्हणून यांत्रिक झडपेची टेस्टच ४० कोटी सायकलची असते. पण तेवढ्या सायकल काढूनही रक्त तिथे गोठत असेल किंवा लाल पेशी फुटत असतील तर त्या झडपेचं काय करायचं?

@गोंधळी_गिअर, तुझा प्रश्न खरंतर पहिल्या वर्षाचा नाहीच, तिसऱ्या वर्षाचा सिलॅबस उघड. बायोमेडिकल बऱ्याच ठिकाणी इलेक्ट्रॉनिक्सकडे झुकलेलं असतं, सिग्नल, सेन्सर, इमेजिंग. आमचं पहिलं प्रॉजेक्ट ईसीजीचं होतं, सिग्नल जेमतेम १ मिलिव्होल्ट आणि स्क्रीनवर नुसती जाडजूड ५० हर्ट्झची दोरी. तीन दिवस फिल्टर बदलत बसलो, मग कोणीतरी लॅपटॉपचा चार्जर काढला आणि दोरी विरली, ठोके दिसायला लागले. मला त्यात जाम मजा आली. तुला येणार नसेल आणि सांधेच हवे असतील तर तिथे चार वर्षं चुकल्यासारखं वाटेल.

नळी_आणि_पंप:
पाठांतराचं टेन्शन घेऊ नकोस, फिजिओलॉजी पाठ करण्यापेक्षा समजून घ्यायची असते. नळीतून द्रव किती वाहतो ते सांगणारा पॉझ्वीचा नियम फ्लुइड्सला येईलच, तो माणूस शिकलेला डॉक्टर होता, बारीक नळ्यांतून रक्त कसं वाहतं याच्या मागे लागला होता. दाब तोच ठेवून नळीची त्रिज्या निम्मी केली की प्रवाह सोळाव्या भागावर येतो. हे एकदा डोक्यात बसलं की रोहिण्या जराशा आकसल्या तर एवढा फरक का पडतो ते वेगळं शिकावं लागत नाही. आणि यंग्ज मॉड्युलसवाला यंग, तोही डॉक्टरच. (रक्त पाण्याइतकं सरळ वागत नाही म्हणा, पण ते नंतरचं दुखणं.)

गोंधळी_गिअर:
सगळ्यांचे आभार! आत्ताच तिसरं वर्ष उघडून बघितलं. मला मिळू शकेल त्या बायोमेडिकलला सर्किट्स आणि सिग्नल्सच भरलेत, बायोमेकॅनिक्सचा एकच विषय. मेकॅनिकलला फटीग, मटेरियल्स, फायनाइट एलिमेंट (पार्टचे बारीक तुकडे पाडून कॉम्प्युटरवर ताण काढणं) सगळं आहे आणि शेवटच्या वर्षी बायोमेकॅनिक्स इलेक्टिव्ह म्हणून घेता येतं. म्हणजे मेकॅनिकलच बहुतेक. फक्त ते बॉयलर आणि स्टीम टेबल (वाफेच्या दाब-तापमानाचे तक्ते) बघून पोटात गोळा आला, ते चुकवता येतं का काही करून?

टॉर्क_पाना:
नाही चुकत. आणि तुझा सांधा ऑपरेशनला जायच्या आधी जी अवजारं लागतात ना, ती ऑटोक्लेव्हमध्ये १२१ नाहीतर १३४ अंशांच्या वाफेतच निर्जंतुक होतात, तेव्हा स्टीम टेबल नीट कर.

सलाईनवाली:
आणि गॉज ओला ठेव.