मस्टर्ड वायूच्या जखमा आणि कोरफड

तर्कट: "मस्टर्ड वायूचे फोड कोरफडीने बरे होतात हे इराणने सिद्ध केले, औषधकंपन्या ते दडपतात," असे काल एका सदस्याने ठणकावून लिहिले. ते वाचून गप्प बसवेना. २८ जून १९८७ रोजी, इराण-इराक युद्धात, इराकी विमानांनी इराणमधल्या सरदश्त शहरावर हे विषारी युद्धरसायन टाकले. ते काही मिनिटांत त्वचेत मुरून डीएनएवर घाव घालते, पण फोड येतात काही तासांनी. म्हणजे माणूस कोरफड शोधू लागेपर्यंत व्हायचे ते नुकसान होऊन गेलेले असते. ज्या इराणी चाचणीचा दाखला दिला जातो, तिच्यात ६७ जुने रुग्ण होते आणि त्यांची तक्रार ताज्या फोडांची नसून वर्षानुवर्षे छळणाऱ्या खाजेची व त्वचाविकाराची होती.

आजीचा बटवा: त्याच चाचणीत कोरफड आणि ऑलिव्ह तेलाचे मलम ६ आठवड्यांत बीटामेथासोन या स्टेरॉइड मलमाच्या तोडीस उतरले, हे आपण सोयीस्करपणे गाळले. स्टेरॉइड वर्षानुवर्षे चोळले की त्वचा कागदासारखी पातळ होते, हे खाजवून रात्री काढणाऱ्या सैनिकाला सांगा. ९६ सैनिकांवरच्या दुसऱ्या चाचणीत हळदीतल्या कुरकुमिन या घटकानेही, ते घेणाऱ्यांची खाज कमी झाली. आपल्या हळदीचे पेटंट अमेरिकेने १९९५ मध्ये उगाच दिले होते काय? माशेलकरांनी लढून ते रद्द करवले!

तर्कट: पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले ते "हे ज्ञान जुनेच आहे" म्हणून, हळद गुणकारी असल्याचा तो निवाडा नव्हता. शिवाय खाज कमी झालेल्या त्या सैनिकांनी रोज १ ग्रॅम कुरकुमिन पोटात घेतले होते. हळदीत ते शेकडा ३ च्या आसपास असते, म्हणजे तेवढ्यासाठी तीसेक ग्रॅम हळद फाकावी लागेल.

निवृत्त परिचारिका: मी जळीत कक्षात २६ वर्षे काढली. उकळत्या तेलाने भाजलेल्या एका मुलाला घरच्यांनी हळदीचा जाड लेप लावून आणले होते. तो खरवडताना मुलाने फोडलेला टाहो अजून कानात आहे, आणि पिवळ्या रंगाखाली जखम किती खोल आहे हे डॉक्टरांना कितीतरी वेळ कळेना.

आजीचा बटवा: हळदीने बरे झालेले आपल्या कक्षात येतीलच कशाला? ते घरीच राहिले.

निवृत्त परिचारिका: वारलेलेही घरीच राहिले, बाई. मात्र जुन्या खाजेला कोरफडीचे मलम द्यायला माझी ना नाही. उघड्या फोडावर कुंडीतला गर लावू नका, एवढेच म्हणते.

मोहरीवाला: मग मोहरीच्या तेलाचा उतारा चालेल काय?

तर्कट: त्या वायूचा मोहरीशी संबंध फक्त वासापुरता आहे, महाराज. बटवाताई, जुनी खाज तुमच्या कोरफडीला सप्रेम भेट. पहिल्या दोन मिनिटांत मात्र कपडे उतरवून साबण-पाण्याने अंग धुणे, हे आमच्याकडे राहू द्या.

आजीचा बटवा: साबण रिठ्याचा चालेल ना?