पराटी निघाली की गाणं

आमच्या घरच्या ग्रुपचं नाव ‘वावर’. एकोणीस माणसं, त्यातली अकरा फक्त सकाळची फुलं पाठवतात. मागच्या आठवड्यात दादूनं, म्हणजे बापूंच्या धाकट्यानं, एक मेसेज टाकला आणि तीन दिवस फुलं बंद झाली. काकू म्हणाली, काढून ठेव, म्हणून ठेवतेय. मधला थोडा भाग गाळला आहे. तो जमिनीच्या हिश्श्याचा होता, गाण्याचा नव्हता.

*शुक्रवार, रात्री*

दादू: सगळ्यांना नमस्कार. जानेवारीत अमळनेरच्या वावरात एक रात्र गाण्यांची करू या का? उघड्यावर. ब्लूज आणि आपल्याकडची गाणी, दोन्ही. माझे पुण्याचे चार मित्र येतील, गिटार, हार्मोनिका, ड्रम घेऊन. लोक दोनशेपर्यंत. नाना, नदीकडच्या तुकड्यातला कापूस तोवर निघेल ना?

नाना: ब्लूज म्हंजे काय रे भो

जिभाऊ सुरत: निळीचं काहीतरी असेल

बापू धुळे: अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाचे लोकसंगीत. तीन ओळींचे कडवे असते. पहिली ओळ दोनदा म्हणायची, तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर. आपल्या ओवीशी तुलना करता येईल. ओवीचे साडेतीन चरण

काकू: बापू, उद्या सांगा. मुलं झोपलीत, फोन वाजतोय.

दादू: कापूस वेचणाऱ्यांचं गाणं आहे नाना. मिसिसिपी नदीच्या काठाला डेल्टा म्हणतात असा गाळाचा सपाट मुलूख आहे. नजर जाईल तिथवर कापूस. १८६५ ला गुलामी कायद्यानं संपली, पण जमीन मालकाचीच राहिली. हे लोक बटाईनं करायचे. बी, खावटी, जनावर, सगळं उधार. कापूस निघाला की हिशोब, आणि हिशोबात बहुतेक वेळा यांच्याकडेच देणं निघायचं. त्यातून आलेलं गाणं.

नाना: म्हंजे आपलंच

जिभाऊ सुरत: आपलं कसं? आपल्या वावराचा उतारा आपल्या नावावर आहे. सालदाराचं म्हणा.

(यानंतर नाना बराच वेळ ऑनलाइन दिसत होते. लिहिलं काहीच नाही. आमचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी, साक्रीकडचा, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला ठरलेला, यंदा त्याचं सहावं साल.)

दादू: जिभाऊ, बरोबर आहे. म्हणूनच तर वावरात करायचं म्हणतोय, हॉलमध्ये नाही.

दादू: आणि नाना, यातले मोठे मोठे गवई ट्रॅक्टर ड्रायव्हर होते. मडी वॉटर्स म्हणून होता. १९४१ मध्ये अ‍ॅलन लोमॅक्स लोकगीतं गोळा करत त्याच्या खोपटापर्यंत रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन गेले, तेव्हा तो स्टोव्हॉल नावाच्या मळ्यावर कामाला होता. दोन वर्षांनी शिकागोला गेला आणि तिथं विजेच्या गिटारवर नाव काढलं. बी. बी. किंग पण तसाच. १९४६ ला ट्रॅक्टर शेडमध्ये लावताना त्याचं धुराडं मोडलं. मालकाच्या भीतीनं पळाला तो थेट मेम्फिस शहरात.

नाना: धुराड्यासाठी पळाला? आमच्या पप्पूनं गिअर बॉक्स फोडला, तो अजून इथंच जेवतो

पप्पू: नाना तो विषय संपलाय

ताई: मुंबईतसुद्धा ब्लूजचा महोत्सव भरतो. २०११ ला सुरू झाला, मेहबूब स्टुडिओत. महिंद्राचा.

नाना: ट्रॅक्टरवाले?

ताई: तेच.

नाना: मग काहीतरी असंल त्याच्यात

*शनिवार*

सकाळी नाशिकच्या वहिनींनी विचारलं की अहिराणी डीजे ठेवायचा का, पोरं नाचतील. दादूनं नको म्हटलं, वहिनींनी ग्रुप म्यूट केला. दुपारी काकूनं फोन करून त्यांना परत आणलं. तो भाग मी जवळून पाहिला आहे, पण लिहीत नाही.

पप्पू: आता कामाचं बोलू. वावरात थ्री फेज आठ तास, त्याचीही पाळी कधी दिवसा, कधी रात्री. त्या भरवशावर कार्यक्रम होत नाही. डीपीवर सात मोटारी आहेत. ऐन गाण्यात कोणी गव्हाला पाणी द्यायला मोटार चालू केली की व्होल्टेज बसलं. जनरेटर लागेल, आणि तो निदान दोनशे फूट लांब, नाहीतर गाणं कमी आणि जनरेटर जास्त ऐकू येईल.

पप्पू: दुसरं, अर्थिंग. एका लग्नात मी डोळ्यांनी पाहिलं. जमीन ओली, गिटारवाला पुढं झुकला, ओठ माईकला लागला आणि माणूस मागं फेकला गेला. एका हातात तार, तोंडाशी माईक, दोघांचं अर्थिंग वेगळं, म्हणजे मधला माणूस वायरच झाला. खड्डा मी करतो, मीठ-कोळसा घालून. गिटारचे डबे आणि साउंड, सगळं त्या एकाच अर्थिंगवर. दादू, तुझे मित्र स्वतःच्या पिना लावायला लागले तर मी केबल काढून घरी जाईन.

दादू: कबूल.

पप्पू: तिसरं, बॉक्सची तोंडं नदीकडं, गावाकडं पाठ. आणि लोक लांबवर पसरू द्यायचे नाहीत. उघड्यावर शंभर मीटर मागं बसलेल्याला आवाज पाव सेकंदाच्या वर उशिरा पोचतो. ते टाळ्या उशिरा धरतात आणि ढोलवाला चुकतो.

बापू धुळे: ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर. गणित बरोबर आहे. हे तुला कोणी शिकवले?

पप्पू: गणपतीनं

ताई: वेळेचं पण ठरवा. लाउडस्पीकरला रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे, २००० सालच्या नियमांपासून. त्याच्या आत वाजवायचं तरी पोलीस ठाण्याची लेखी परवानगी लागते. ‘आपलंच वावर आहे’ हे तिथं चालत नाही. साडेपाचला सुरू करा, पावणेदहाला बंद.

दादू: दहानंतर माईकशिवाय शेकोटीभोवती बसू. खरं ब्लूज तेच.

नाना: शेकोटी कुठं ते मी सांगीन. पराट्यांचा ढीग त्याच बांधाला लागून राहतो. वाळलेली पराटी म्हंजे रॉकेलच

(पराटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेलं झाड.)

दादू: नाना, याच्यावर पण किस्सा आहे. १९४९, अर्कान्सामधलं ट्विस्ट नावाचं गाव. थंडीचे दिवस, हॉल गरम करायला मध्ये पिंपात रॉकेल पेटवलेलं. दोघांची मारामारी झाली, पिंप लवंडलं, हॉल पेटला. बी. बी. किंग बाहेर पडला आणि गिटार राहिली म्हणून परत आत शिरला. नंतर कळलं, भांडण ल्यूसिल नावाच्या बाईवरून होतं. तेव्हापासून तो आपल्या गिटारीला ल्यूसिल म्हणायचा, म्हणजे परत असा वेडेपणा करायचा नाही याची आठवण.

काकू: गिटारीसाठी आगीत?

जिभाऊ सुरत: दादूच्या गिटारीची किंमत विचार काकू, मग कळेल

नाना: शेकोटी बांधापासून शंभर फूट. पाण्याचा टँकर उभा. विषय संपला. आता गाड्यांचं बोला

दादू: गाड्या वावरातच लागतील ना? मोकळं असेल.

नाना: नाही लागणार. तुला वाटतं पराटी उपटली म्हंजे वावर रिकामं झालं. काळी जमीन आहे. गाड्या फिरल्या की दबती, मग मृगाचं पाणी खाली उतरत नाही, वर तुंबतं. त्या तुकड्यात मला पुढं मका घ्यायचाय. गाड्या सडकेवर, लोकांनी पायी यायचं. आणि अवकाळी आला तर कार्यक्रम रद्द. चिखलात फसलेली एकही गाडी माझा ट्रॅक्टर ओढणार नाही

दादू: नाना, इंग्लंडमध्ये ग्लास्टनबरीचा मोठा महोत्सव दुधाच्या धंद्यावाल्या शेतकऱ्याच्या मळ्यात भरतो. मायकेल ईव्हिस. शेजारी झालेला ब्लूजचा महोत्सव पाहून आला आणि त्याच साली, १९७० मध्ये, स्वतःच्या मळ्यात सुरू केला. पहिल्या वर्षी तिकीट एक पौंड, वर मळ्यातलं दूध फुकट.

नाना: दूध फुकट. याला कोणी भाव विचारला नसंल

दादू: पण ऐका ना. दर चार-पाच वर्षांनी ते एक वर्ष कार्यक्रमच ठेवत नाहीत. जमीन पडीक ठेवतात, तिला विसावा. २०१२, २०१८.

नाना: हा माणूस शेतकरी आहे. त्याचं ऐक

(माझ्या मते दादूचा कार्यक्रम या मेसेजवर पास झाला. मडी वॉटर्सनं काम केलं नाही, पडीक वर्षानं केलं.)

तिकिटावर अर्धा तास गेला. नानांचं म्हणणं, दारात आलेल्याकडून पैसे घ्यायचे नाहीत. जिभाऊंचं म्हणणं, मग जनरेटरचं डिझेल कोण घालणार. ठरलं ते असं: गाणं फुकट, भरिताच्या ताटाचे पैसे.

काकू: ताटात काय ते मी ठरवणार. भरीत, कळण्याची भाकरी, ठेचा, कांद्याची पात, मठ्ठा. शेवभाजी नको, दोनशे माणसांची शेवभाजी म्हणजे नुसता तर्रीचा समुद्र. वांगी बामणोदची, माणशी पाव किलो धरा, पन्नास किलो. भाजायची पराट्यांवरच. गॅसवर भाजलेलं असेल तर मला बोलवू नका.

पप्पू: माय तू यजमान आहेस, तुला कोण बोलवणार

नाना: दादू, त्या लोकांच्या कापसाला अळी नव्हती का? सगळं सांगितलं, ते नाही सांगितलं

दादू: होती! अळी नाही, भुंगा. बोंडात सोंड घालून अंडी घालायचा. १८९० च्या सुमाराला मेक्सिकोतून टेक्ससमध्ये घुसला आणि पसरत गेला. त्याच्यावर कितीतरी गाणी आहेत. गाण्यात शेतकरी भुंग्याला हाकलतो आणि भुंगा म्हणतो, मी फक्त घर शोधतोय. अलाबामातल्या एंटरप्राइज गावानं तर १९१९ ला त्याचं स्मारक उभारलं.

नाना: किडीचं स्मारक?

दादू: कापूस बुडाला म्हणून लोक भुईमुगाकडं वळले आणि त्यात कमावलं. म्हणून.

नाना: आमच्या गुलाबी बोंडअळीवर कर मग एक गाणं. स्मारकाचं नंतर बघू. फवारणीचे पैसे फिटले की

*रविवार*

दादू: मोठी मायनं सुरुवात करावी असं वाटतं. तिच्या जात्यावरच्या ओव्या, आखाजीची झोक्यावरची गाणी. काकू, विचारशील? खुर्ची देऊ, माईक छोटा लावू, त्रास होणार नाही.

बापू धुळे: उत्तम. बहिणाबाईंची परंपराच ही. आसोद्याच्या या निरक्षर स्त्रीने

काकू: बापू, बहिणाबाईंना प्रत्येक कार्यक्रमात स्टेजवर बोलवायचं नाही. त्यांनाही कामं होती.

काकू: विचारलं. ती जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते. “जातं नही तं ओवी कसी येई? हात फिरस तव्हय तोंड फिरस. आन् आखाजीनं गानं पौषमां म्हनू का? लोके काय म्हनतीन?”

दादू: पण तिला सगळं पाठ आहे ना?

काकू: पाठ नाही रे. मी तिच्या मागं कितीदा वही घेऊन बसलेय. दोन ओळी म्हणते आणि थांबते. म्हणते, पुढचं येत नाही. आणि मग डाळ निवडायला बसली की आपली आपण म्हणत असते. वही आणायला उठले की बंद.

(पुढं दहा मिनिटं कोणी काही लिहिलं नाही. आमच्या ग्रुपवर हे फार होतं.)

दादू: तिकडेही असंच आहे. रेल्वेचे रूळ सरकवणारे मजूर गाण्याच्या तालावर एकदम जोर लावायचे. एकट्यानं नांगरणारा माणूस वावरात लांब हाक दिल्यासारखं गायचा. त्यातूनच ब्लूज आलं. पोरं भिंतीला झाडूची तार ठोकून, तिच्यावर बाटली घासून शिकायची, एका तारेवर.

पप्पू: म्हणजे तुणतुणं

दादू: भावकीतलंच. म्हणजे मीच चुकलो. खुर्ची आणि माईक द्यायला निघालो होतो.

ताई: मग जातं आणा ना.

जिभाऊ सुरत: आणि ती काय नाटकातल्यासारखं रिकामं जातं फिरवणार? तिला चालेल?

काकू: थांबा, विचारते.

काकू: म्हणते, रिकामं फिरवलं तर दगड दगडाला खातो. पीठ लागणार असेल तर दळीन. मी म्हटलं कळणा दळायचा आहे भाकरीला. लगेच विचारलं, किती? ज्वारी-उडीद कोणी निवडले? एकटी नाही बसणार म्हणाली, समोर मी बसायचं. आणि उजेडाचे दिवे तोंडावर नकोत.

काकू: सगळं पीठ ती थोडीच दळेल, बाकीचं गिरणीतून आणू. ते तिला सांगू नका.

पप्पू: माईक जात्याच्या खाली जमिनीशी ठेवतो, कापडात गुंडाळून. घरघर पण येईल. तीच तर मजा आहे.

दादू: ती दळेल तेवढा वेळ आम्ही कोणी वाजवणार नाही. हार्मोनिकावाल्याला सांगतो, हात खिशात.

नाना: जातं जुन्या घरात आहे, माळ्याखाली. खुंटा मोडलाय त्याचा, पाच-सात वर्षं झाली

बापू धुळे: नवा करावा लागेल. सुतार पाहा.

नाना: सुतार नको. सालदाराला विचारलं. तो म्हणतो खुंटा मी करून देतो, जात्याला छिन्नीनं टाके पण घालून देतो. पण कार्यक्रमाच्या दिवशी कामाला हात लावणार नाही, बायको-पोरं घेऊन पुढं बसून ऐकणार. त्या दिवसाचा रोज मात्र धरायचा. मी हो म्हटलं

जिभाऊ सुरत: बरोबर केलं नाना. पण मग दोनशे खुर्च्या कोण लावणार?

नाना: तू. आदल्या दिवशीच्या गाडीनं ये