९०×४० चा हॉर्न आडवा बसवू की उभा?

सुतारपक्षी:
घरी स्पीकर बनवतोय. खालच्या सुरांना १२ इंची वूफर, वर हॉर्नमागे वरच्या सुरांसाठी १ इंची कॉम्प्रेशन ड्रायव्हर, क्रॉसओव्हर (दोघांतली वाटणी) १२०० हर्ट्झला. हॉर्न ९०×४० अंशांचा (आवाज रुंदीत ९०, उंचीत ४० अंशांत पसरवणारा), तोंड ४० सेंमी रुंद आणि २० सेंमी उंच. खोका बाहेरून ३६ सेंमीच रुंद आहे, म्हणून समोरच्या फळीत हॉर्न आडवा मावत नाही. उभा फिरवला तर काय बिघडेल? की सरळ गोल ट्रॅक्ट्रिक्स (वक्र भिंतींचा हॉर्न) घ्यावा? तीन जणांचा सोफा अडीच मीटरवर, छत २.९ मीटर.

जुना कर्णा:
फिरवू नका. फळीत मावत नसेल तर खोक्याच्या डोक्यावर ठेवा. दोन्हीकडे दोन-दोन सेंमी बाहेर आला तरी चालतं.

हॉर्नवर छापलेले अंश सगळ्या फ्रिक्वेन्सींना मिळत नाहीत. ढोबळ हिशोब असा: २५,४०० ला अंश आणि तोंडाचं माप (मीटरमध्ये) यांच्या गुणाकाराने भागा. रुंदीत ९०×०.४, म्हणजे सुमारे ७०० हर्ट्झपासून ताबा. उंचीत ४०×०.२, म्हणजे ३२०० च्या वरच. आडवा ठेवलात तर बाजूंना ९० अंश क्रॉसओव्हरच्या बरेच आधीपासून मिळतात, आणि १२ इंची वूफरचा झोतही १३०० च्या आसपास ९० अंशांवर आलेला असतो. दोघांचा पसारा जुळतो, सांधा कळत नाही.

उभा केलात की बाजूंचा पसारा १२०० ला साधारण १०५ अंश, आणि ३२०० पर्यंत आकसत ४०. समोर बसून माप सपाट दिसेल, पण भिंतींवरून येणारा आवाज मंद होत जाईल. शिवाय अडीच मीटरवर ४० अंश म्हणजे फक्त १.८ मीटर रुंदी, सोफ्याच्या दोन्ही टोकांना आवाज ६ डीबी खाली. उरलेला जातो छताला आणि फरशीला.

आणखी एक: वूफर वरच्या कडेला टेकवून कापलात तर आडव्या हॉर्नचं केंद्र त्याच्या केंद्रापासून २८ सेंमीवर येतं. १२०० ची तरंगलांबी २८.६ सेंमी, म्हणजे जवळपास तेवढीच आहे. उभ्याला हे अंतर ३८, आणि वरचा नल (ज्या दिशेला दोघांचे आवाज एकमेकांना मारतात) ३१ अंशांवरून २२ वर उतरतो. उठून उभं राहिलं की आवाज पोकळ होतो.

वक्ररेषा:
गोल ट्रॅक्ट्रिक्सला आडवं-उभं नसतंच. कटऑफ (खालची मर्यादा) ४०० हर्ट्झ धरला तर तोंड सुमारे २७ सेंमी, तुमच्या फळीत बसेल. पण तो जसजसा वर जातो तसा झोत निमुळता होतो. एकट्याने ऐकायला उत्तम, तिघांच्या सोफ्याला नाही.

एक सावधगिरी, कारण इथे बरेच जण फसतात. अरुंद फटीच्या डिफ्रॅक्शन ट्वीटरला (फटीतून आवाज सोडणारा, वरच्या सुरांचा स्पीकर) उलटा नियम आहे. फट ज्या दिशेला अरुंद, त्या दिशेला आवाज पसरतो. तो उभाच लावायचा.

सुतारपक्षी:
डोक्यावर ठेवतो मग. डीएसपी (आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणारं यंत्र) आहे, दोघांना वेगळे अ‍ॅम्प. तेवढ्याच पॉवरला ड्रायव्हर १०८ डीबी देतो, वूफर ९६.

जुना कर्णा:
मग ड्रायव्हरला एल-पॅड (आवाज उतरवणारी दोन रेझिस्टरांची जोडी) लावाच, नाहीतर अ‍ॅम्पची सूं-सूं सोफ्यापर्यंत येईल. ८ ओहमला मालिकेत ५.६, ड्रायव्हरला समांतर ३.९ ओहम: १० डीबी कमी. त्याच्या आधी ४७ मायक्रोफॅरड कपॅसिटर. चालू करतानाच्या धपक्याने डायफ्रॅम जातो, तो यामुळे वाचतो.

असा हॉर्न वरचा आवाज पसरवतो, म्हणून साधारण ३५०० च्या पुढे तो उतरत जाईल. डीएसपीत दर ऑक्टेव्हला ६ डीबी चढ द्या, पण आधी मापून. न मापता दिलात तर सणासुदीच्या भोंग्यासारखा टोचेल.

ड्रायव्हर वूफरच्या कॉइलपेक्षा १७ सेंमी मागे असेल तर वूफरला ०.५ मिलिसेकंद डिले (उशीर) द्या. तपासायला क्रॉसओव्हर २४ डीबी लिंकविट्झ-रायली प्रकारचा ठेवून ड्रायव्हरची पोलॅरिटी (+ आणि −) उलटी करा. माइक सोफ्यावर, कानाच्या उंचीला. १२०० ला खोल खड्डा पडला पाहिजे. उथळ किंवा सरकलेला असेल तर डिले ०.०५ ने हलवत जा. मग पोलॅरिटी परत सरळ.

वक्ररेषा:
आणि दोन्ही हॉर्न इतके आत वळवा की त्यांचे अक्ष मधल्या माणसाच्या थोडं पुढे छेदतील. कडेला बसणाऱ्याला जवळचा स्पीकर अक्षाबाहेर, म्हणून कमी आवाजात, आणि लांबचा अक्षावर मिळतो. गायक मधेच राहतो. ४० अंशांत हे जमत नाही.