चौकाच्या नूतनीकरणाबाबत निवेदन : सोसायटी ग्रुपवरील चर्चा

सचिव : सर्व सभासदांना नमस्कार. आपल्या सोसायटीसमोरील चौकाचे नूतनीकरण होणार असल्याचे समजते. सर्वांच्या सह्यांचे एकच निवेदन महापालिकेत द्यावे, असा विचार आहे. कृपया मते कळवावीत.

बी-२०४ : सचिवसाहेब, निवेदनापूर्वी हे काम कोणत्या प्रक्रियेत बसते ते पाहावे लागेल. विकास आराखडा, म्हणजे शहरातील जमिनीच्या वापराचा आराखडा, नव्याने होत असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ प्रमाणे त्याचे प्रारूप (मसुदा) प्रसिद्ध झाल्यावर ३० दिवसांत हरकती देता येतात आणि कलम २८ खालील नियोजन समिती त्यांवर सुनावणी घेते. परंतु रस्त्याची मंजूर रुंदी तशीच ठेवून केवळ पदपथ, दुभाजक आणि दिवे बदलायचे असतील, तर हरकतीची ही पायरी येतच नाही. निविदा निघते आणि खोदाई सुरू होते. आपले सोलापूर जानेवारी २०१६ मध्ये केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या २० शहरांत निवडले गेले, तेव्हा लोकांची मते प्रस्ताव तयार होतानाच मागवली होती. बहुतेकांना काम दिसते ते मात्र रस्त्यावर पत्रे लागल्यावर.

ए-१०२ : ताई, मग आपल्या हाती उरते काय?

बी-२०४ : नकाशा मागणे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार लोकांवर परिणाम करणाऱ्या निर्णयांची माहिती कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करायची असते. नकाशा हाती आल्यावर "आमचा विरोध आहे" एवढेच लिहून उपयोग नाही. पावसाचे पाणी चौकाच्या कोणत्या बाजूला तुंबते, शाळेच्या रिक्षा कोठे थांबतात, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत वाहतूक वळवल्यावर आपल्या गल्लीत किती कोंडी होते, हे नकाशा करणाऱ्याला ठाऊक असेलच असे नाही. आपण ते जागा दाखवून लिहावे.

सी-३०४ : मुद्दे योग्य आहेत, पण आतापर्यंत ग्रुपवर जे मागितले गेले, ते मुख्यतः पार्किंग आहे. चौकातील भाजीवाल्या मावशी आणि चहाची गाडी या ग्रुपवर नाहीत. पथविक्रेता अधिनियम, २०१४ प्रमाणे शहर विक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असावे लागतात. म्हणजे त्यांचे म्हणणे ऐकणे ही कोणाची मेहेरबानी नव्हे. त्यांना हटवण्याची मागणी निवेदनात असेल, तर माझी सही धरू नये.

ए-१०२ : विक्रेत्यांच्या गाड्यांमुळे रुग्णवाहिका अडते, हेही खरे आहे ना?

सी-३०४ : खरे आहे, काका. म्हणूनच विक्रेत्यांसाठी आखलेली जागा नकाशात दाखवा, अशी मागणी करावी. दुसरे असे की, चौकापलीकडील अनेक घरांत तेलुगू आणि कन्नड बोलली जाते. नोटीस केवळ कार्यालयीन मराठीत लागली, तर ती त्यांच्यापर्यंत पोहोचेलच असे नाही. माहिती देताना स्थानिक भाषेचा विचार करावा, असे त्याच कलम ४ मध्ये आहे.

सचिव : मान्य. निवेदनात निविदेपूर्वी नकाशा आणि चौकातच बैठक, एवढ्या दोनच मागण्या राहतील. बी-२०४ यांनी मसुदा करावा. सी-३०४ यांनी विक्रेत्यांशी तेलुगूत बोलून त्यांचे म्हणणे स्वतंत्र पानावर जोडावे. पार्किंगचा विषय सोसायटीच्या मासिक सभेत घेऊ.