टीएस चाणक्यला ग्रेट नॉट? ओळख आणि नोंद पक्की कशी करायची

खाडीकाठ_नेरुळ
मंडळी, या रविवारी सकाळी सीवूड्सला टीएस चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेजवळच्या पाणथळीत भरतीला बसलेल्या कर्ल्यू सँडपायपर या छोट्या चिखलपक्ष्यांच्या थव्यात एक पक्षी वेगळा दिसला. दणकट बांधा, शेजाऱ्यांपेक्षा सरळ सरळ मोठा, काळी चोच, छातीवर दाट काळे ठिपके, पोट पांढरं. अंतर साठ-सत्तर मीटर. बसलेले फोटो आहेत, एक उडतानाचाही आहे. ग्रेट नॉट हा चिखलपक्षी वाटतोय, पण त्याच्याच जवळचा रेड नॉट कसा वगळायचा? ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर काय लिहावं? आणि ग्रुपवर जागा लगेच टाकावी का?

चिखल्या_ऐरोली
आधी चोच बघा. पक्षी अगदी आडवा, म्हणजे बाजूने दिसतोय असाच फोटो घ्या. मान जराशी जरी कॅमेऱ्याकडे वळली असेल तरी चोच आखूड दिसते आणि ग्रेटचा रेड होतो. चोचीची लांबी चोचीच्या मुळापासून डोक्याच्या मागच्या कडेपर्यंतच्या अंतराशी ताडून पाहा. ग्रेट नॉटची चोच डोक्यापेक्षा लांब आणि टोकाशी किंचित खाली झुकलेली असते. रेड नॉटची जवळपास डोक्याएवढी आणि सरळ.

दुसरं, एप्रिलचे दिवस आहेत. रेड नॉटचं पोट आता विटकरी व्हायला लागतं. ग्रेट नॉटचं ते कधीच होत नाही. त्याची छाती काळ्या ठिपक्यांनी भरते आणि खांद्याच्या पिसांवर तांबूस रंग येतो. उडतानाच्या फोटोत पाठीच्या खालचा भाग पांढरट दिसला तर ग्रेटच्या बाजूने जमेस धरा, पण एवढ्यावर थांबू नका, कारण कर्ल्यू सँडपायपरचाही तो भाग पांढराच असतो.

आपल्याकडे खरी गफलत रफ या दुसऱ्या चिखलपक्ष्यामुळे होते. पिसं बदलत असलेला नर रफ छातीवर काळपट डागाळलेला दिसतो. त्याचं डोकं लहान, मान लांब, पाय बहुधा केशरी-पिवळट. नॉट बसका असतो, मान जवळजवळ नसल्यासारखी, पाय मळकट हिरवट-राखाडी. पायांचा रंग दिसणारा एखादा फोटो जरूर शोधा. चिखल लागला असेल तर गुडघ्याच्या वरचा भाग बघा.

भरती_ओहोटी
पक्षी पुन्हा बघायचा तर तिथी बघून जा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते: द्वादशीला ९, त्रयोदशीला पावणेदहा. खाडीत आत जाल तशी ती थोडी उशिरा येते. ओहोटीत हे पक्षी खाडीतल्या चिखलावर पांगलेले असतात, त्यामुळे दुर्बिणीतून नुसते ठिपके दिसतात. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती असते, चिखल पुरता बुडत नाही आणि बरेच पक्षी पाणथळीत येतच नाहीत. द्वादशी-त्रयोदशीला पाणीही बऱ्यापैकी चढतं आणि सकाळचं ऊन पाठीशी मिळतं. भरतीच्या दीड तास आधी जागेवर बसा. पक्षी तुमच्यासमोर येऊन उतरू द्या, बसलेल्या थव्याकडे चालत जाऊ नका. झोपलेले पक्षी माना वर काढून चालू लागले की तिथेच थांबायचं. उत्तरेकडच्या प्रवासासाठी त्यांच्या अंगावर चरबी चढते ती याच दिवसांत, आणि उठवलेला प्रत्येक थवा ती जाळतो.

रानपिंगळा_शहापूर
नोंदीबद्दल. ई-बर्डवर फक्त हा एक पक्षी टाकू नका, त्या सकाळची पूर्ण यादी द्या, खऱ्या वेळेसह आणि आकड्यांसह. कॅमेऱ्याचं घड्याळ तपासा. फोटोची वेळ यादीशी जुळली नाही की ई-बर्डवर नोंद तपासणारा अडतो. फोटो मूळ आकारात चढवा, वॉटरमार्क नको, शार्पनिंग नको. टिपणात ‘खात्री आहे’, ‘फोटो जोडला’ असलं लिहून उपयोग नाही. अंतर, उजेड, शेजारच्या पक्ष्याशी तुलना, चोच, पाय, पोट, आणि रेड नॉट व रफ कशावरून वगळले ते लिहा. सोबत कोणी असेल तर यादी त्यांना शेअर करा, नाहीतर एकाचे दोन पक्षी होतात.

एवढा काटेकोरपणा कशाला असं वाटत असेल तर रानपिंगळ्याचं, म्हणजे त्या छोट्या घुबडाचं बघा. माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षीसंग्राहकाने १९१४ चा म्हणून दाखवलेला नमुना चोरीचा आणि खोट्या चिठ्ठीचा निघाला. त्या नोंदीमुळे शोध भलत्याच ठिकाणी होत राहिला. ती बाजूला सारून जुन्या खऱ्या नमुन्यांच्या जागा धुंडाळल्या, तेव्हा १९९७ मध्ये शहाद्याजवळ पक्षी सापडला. पुढे २०१४ मध्ये तो आमच्या तानसा अभयारण्यातही दिसला. ग्रेट नॉट आज जागतिक यादीत ‘संकटग्रस्त’ आहे, मुख्यतः पिवळ्या समुद्रातल्या चिखलाच्या जागा भराव घालून बुजवल्यामुळे. अशा पक्ष्याची ठाणे खाडीतली एकेक पक्की नोंद पाणथळीच्या बाजूने पुरावा म्हणून उभी राहते; कच्ची नोंद उलट बाकीच्यांवरही संशय आणते.

खाडीकाठ_नेरुळ
धन्यवाद. आडव्या फोटोत चोच डोक्यापेक्षा लांबच भरतेय, पोटावर विटकरी छटा अजिबात नाही, पाय हिरवट. यादी आज चढवतो. जागेचं काय?

चिखल्या_ऐरोली
उघड्या पाणथळीतला भरतीचा थवा आहे, घरटं नाही. सांगायला हरकत नाही. फक्त कुठे उभं राहायचं तेही त्याच संदेशात लिहा: रस्त्याच्या बाजूने बघा, बांधावर उतरू नका, ड्रोन उडवू नका. घुबडाची ढोली किंवा तिबोटी खंड्याचं बीळ असतं तर मात्र एकालाही सांगू नका म्हटलं असतं.