कबड्डी मंडळाचा खजिनदार झालोय, पैसे माझ्या फोनपेवर येतायत. पुढे काय?

मध्यरेषा_मिरज (प्रश्न)

नमस्कार. आम्ही सगळी कॉलेजची पोरं, काही अकरावी-बारावीची, बाकी बी.कॉम., बी.ए.ची. रोज संध्याकाळी कबड्डी खेळतो. गेल्या वर्षी मंडळाला नाव दिलं, टी-शर्ट छापले. आता दिवाळीनंतर 65 किलो वजनी गटाची स्पर्धा घ्यायचं ठरलंय. मी कॉमर्सचा म्हणून मला खजिनदार केलं (आमच्यात एवढाच निकष). प्रवेश फी, वर्गणी सगळं माझ्या फोनपेवर येतं. एक हार्डवेअरवाले काका पहिलं बक्षीस द्यायला तयार आहेत, पण पावती पाहिजे म्हणतात. मॅट भाड्यानं आणायचंय, त्या कागदावर सही कुणी करायची यावरून वाद चाललाय, कारण अध्यक्ष सतरा वर्षांचा आहे. वडील म्हणतात, "उद्या कुणाचा पाय मोडला तर पोलीस तुझ्या दारात येतील." खरंच असं असतं का? मंडळ रजिस्टर करावंच लागतं का?

जमाखर्च_कराड

वडिलांचं पोलिसांबद्दलचं म्हणणं वकील मंडळींनी बघावं. पैशाच्या बाबतीत मात्र त्यांनी काळजी कमीच केलीय.

नोंदणी नसलेल्या मंडळाला कायद्यात स्वतःचं असं अस्तित्व नाही. मॅटचं भाडं थकलं तर मॅटवाला मंडळाला शोधत बसणार नाही, ज्याची सही आणि ज्यांनी मिळून ठरवलं त्यांना धरेल. अध्यक्षाच्या सहीचा विषयच सोडून द्या. भारतीय करार कायदा 1872, कलम 11: अठरा वर्षांखालचा माणूस करार करू शकत नाही. प्रिव्ही कौन्सिलनं (ब्रिटिश काळातलं शेवटचं अपिलाचं न्यायालय) 1903 साली मोहोरी बीबीच्या खटल्यात असा करार मुळातच शून्य ठरवला, तो आजही तसाच धरतात. तेव्हा सही करणार तो सज्ञान, आणि बहुतेक तुम्हीच. निदान दोघांनी करा, आणि त्याआधी वहीत ठराव लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. एकट्यानं अंगावर घेऊ नका.

आता फोनपे. तुमच्या खात्यात आलेला पैसा तुमचा नाही, हे दाखवून द्यायची वेळ आली तर ते काम तुमचं. त्यात घरचा रिचार्ज, मित्राचे उसने, मेसचे पैसे आणि स्पर्धेची फी एकत्र असेल तर स्पर्धा संपल्यावर हिशेब लागणार नाही. हिशेब लागला नाही की लोक चोर म्हणायला मोकळे, आणि कुणी तक्रार केलीच तर विश्वासानं सोपवलेल्या पैशाचा अपहार हा गुन्हा आहे. दोन सज्ञान मुलांच्या नावानं एक वेगळं बचत खातं काढा, दोघांच्या सहीशिवाय पैसे निघणार नाहीत असं. कायद्यानं तेही तुमचं वैयक्तिकच खातं, पण निदान पैसा वेगळा दिसतो. छापील क्रमांकाचं पावती पुस्तक घ्या. रद्द केलेली पावती फाडून टाकू नका, काट मारून पुस्तकातच ठेवा. चहावाल्याचं, मांडववाल्याचं, पंचांच्या मानधनाचं, प्रत्येकाचं व्हाउचर करून सही घ्या. मी तालमीच्या मंडळाचे हिशेब लिहितो. भांडणं बक्षिसावरून होत नाहीत, ती होतात "किरकोळ खर्च" या ओळीवरून.

हार्डवेअरवाल्या काकांना आधी विचारा, त्यांच्या दुकानाचं नाव फ्लेक्सवर टाकायचंय का. टाकायचं असेल तर ती देणगी नव्हे, जाहिरात. त्यांना जाहिरातीचं बिल द्या, ते आपल्या धंद्याच्या खर्चात धरतील. तुमची उलाढाल वर्षाला 20 लाखांच्या आत, तेव्हा जीएसटीची भानगड नाही. 80 जी ची, म्हणजे देणगीदाराला आयकरात सूट मिळवून देणारी पावती मात्र देतो म्हणू नका. त्यासाठी आयकर खात्याची वेगळी मान्यता लागते. ती नसताना पावतीवर छापणारी मंडळं मी बघितलीत.

नोंदणीचं म्हणाल तर माझं मत, आत्ता करू नका. सात माणसं जमली की संस्था नोंदणी अधिनियम 1860 खाली संस्था होते, आणि महाराष्ट्रात तिला सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 खालीही नोंदवावं लागतं. दोन्ही कामं धर्मादाय कार्यालयातच. तिथपर्यंत सोपं. खरं लचांड नंतरचं. दरवर्षी 31 मार्चला हिशेब बंद करून लेखापरीक्षण, आणि कार्यकारिणीत बदल झाला की 90 दिवसांत बदल अर्ज. विद्यार्थ्यांच्या मंडळात काय होतं? सचिव पदवी घेऊन पुण्याला कंपनीत, खजिनदार स्पर्धा परीक्षेला, अध्यक्ष बंगळूरला. खाली नवी पोरं खेळतायत, कागदावर मात्र विश्वस्त म्हणून तीच जुनी नावं. बँकेत सही जुळत नाही, खातं गोठतं, आणि दहा वर्षांनी एखादी नोटीस आली की ती जाते लग्न होऊन दोन पोरांचा बाप झालेल्या माणसाच्या पत्त्यावर. त्याला मंडळाचं नावही धड आठवत नसतं. तुम्ही ज्या मैदानावर खेळता तिथं एखादं जुनं नोंदणीकृत व्यायाम मंडळ असेलच. त्यांच्या कार्यकारिणीचा ठराव घेऊन, त्यांच्या खात्यावर, त्यांच्या पावतीवर स्पर्धा घ्या. नाहीतर कॉलेजच्या जिमखान्यामार्फत. मोठेपणा थोडा कमी मिळेल, चालतंय.

ॲडव्होकेट_ताई

वर दिलेला हिशेबाचा सल्ला मला मान्य आहे. नोंदणीवर थोडा मतभेद: दरवर्षी स्पर्धा घेणार असाल आणि तीन-चार स्थानिक मोठी माणसं कायमची विश्वस्त व्हायला तयार असतील, तर जरूर करा. नोंदणी नसताना गावभर वर्गणी फिरवणार असाल तर गणेश मंडळं काढतात तीच, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 41 क ची परवानगी आधी काढा.

आता दारातले पोलीस. खेळताना नियमात राहून पाय मोडला तर तो खेळातला धोका, त्यासाठी कुणाला उचलत नाहीत. पण मॅटचे जोड उघडे, खाली दगड, लाइटची वायर लोंबतेय, हे सांगूनही तुम्ही सामना चालू ठेवला तर तो निष्काळजीपणा. त्यात कुणी दगावलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम 106, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. जुन्या भारतीय दंड संहितेत ती दोन वर्षं होती. "दुखापत झाल्यास आयोजक जबाबदार नाहीत" असं फॉर्मवर छापतात, त्याच्या जिवावर झोपू नका. निष्काळजीपणा त्यानं माफ होत नाही, अठरा वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत तर नाहीच. पालकांची सही घ्या, पण ती मुलाला असलेले आजार, रक्तगट आणि संपर्क कळावा म्हणून.

अकरावी-बारावीची मुलं आहेत, म्हणून एक सांगून ठेवते. प्रशिक्षक किंवा कुणी मोठा मुलगा लहान खेळाडूशी लैंगिक गैरवर्तन करतोय असं कळलं, तर पोक्सो कायदा 2012 च्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. "मंडळाचं नाव खराब होईल" म्हणून आपसात मिटवलं तर मिटवणाराच गुन्हेगार ठरतो.

डावा_कोपरा

भावा, कायदा मला कळत नाही, पण पोरांना घेऊन वीस वर्षं गावोगाव फिरतोय. माझं एकच सांगणं. बाहेरच्या स्पर्धेला जाताना सामानाच्या टेम्पोत पोरं भरू नका. स्वस्त पडतं, मजा येते, गाणी म्हणत जाता येतं, सगळं खरं. पण मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या माणसांची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानंच ठरवलंय. गाडीमालक आणि पोरांचे आई-बाप एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसतात. एसटीनं जा, नाहीतर परमिटची गाडी करा.

आणि संघाचा समूह अपघात विमा काढा. माणशी फार पैसे लागत नाहीत. टी-शर्ट एक वर्ष जुने घाला. मैदानावर प्रथमोपचार जाणणारा माणूस, बर्फ, स्ट्रेचर पाहिजेच. 108 ला फोन लावला म्हणजे गाडी दारात उभी असं नसतं, म्हणून एक चारचाकी चावीसकट मोकळी ठेवायची.

मध्यरेषा_मिरज

सगळ्यांचे आभार. जुनं व्यायाम मंडळ आहे आमच्याकडं, त्यांच्या आजोबांशी बोलतो. एक राहिलं. पोरं म्हणतायत सर्टिफिकेटवर "राज्यस्तरीय" छापू, म्हणजे बाहेरचे संघ जास्त येतील, दहावी-बारावीच्या गुणांनाही उपयोग होईल. छापू का?

जमाखर्च_कराड

अजिबात नको. खाजगी स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर बोर्डाचे क्रीडा गुण मिळत नाहीत, आणि नोकरीतल्या 5 टक्के क्रीडा आरक्षणासाठी तर क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडून पडताळणी होते. तिथं तुमचा कागद निघाला तर सही करणारा म्हणून तुमचंच नाव पुढं येईल. "खुली स्पर्धा, 65 किलो वजनी गट" एवढंच छापा. आणि आजोबांकडं जाताना वही घेऊन जा, ठराव त्यांच्या हातानं लिहून घ्या.