गरोदर बाईच्या ताटात पाच रंग भरायचे कुणी?

माळरान

काल इथे एका आहारतज्ज्ञ ताईंचा लेख आला. गरीब वस्त्यांतल्या गरोदर बायका चहा-चपाती, वरण-भातावर दिवस काढतात, कारण पैसा नाही असं नाही, जाणीव नाही, असं त्यांचं म्हणणं. ताटात रोज पाच रंग हवेत, वाटीभर दही, एखादं फळ, मूठभर दाणे. "खर्च फारसा नाही, इच्छाशक्ती हवी." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. तिथेच लिहायला घेतलं, पण लांबत गेलं म्हणून वेगळा धागा.

इच्छाशक्ती कुणाची, ते आधी ठरवू. बीडकडची बाई दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला बाहेर पडते ती उन्हाळ्याच्या तोंडावर परत येते. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडीची एक जोडी, आणि उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, दोघांची. मी अशा टोळ्यांबरोबर काही हंगाम काम केलंय. पहाटे तीनला चूल पेटते, दोन्ही वेळच्या भाकऱ्या तेव्हाच थापून होतात, सोबत ठेचा नाहीतर घट्ट पिठलं. सातवा लागलेली बाई मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना पाहिली आहे. फडात हिरवंगार वाढं, म्हणजे उसाचा शेंडा, निघतं, ते बैलांना जातं. तिच्या भाकरीवर हिरवं म्हणजे मिरची. अंगणवाडीत तिचं नाव आहे, पण गावच्या. फडावर तिला कोण विचारतो?

बरं, गावात राहिली तर? 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यामुळे माणशी पाच किलो धान्य मिळतं, आता फुकट. तक्रार नाही, त्याने पोट भरतं. पण बायकांच्या आहारातली विविधता मोजायला जगभर जी पद्धत वापरतात तिच्यात दहा अन्नगट आहेत आणि आदल्या दिवसभरात त्यातले किमान पाच पोटात जायला हवेत. रेशनने दिला एक. बाकीचे चार तिने इच्छाशक्ती पेरून उगवायचे का?

बाराखडी

माळरानताई, ऊसतोडीचं उदाहरण काढलं की समोरच्याचं तोंड बंद होतं, हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. पण सगळा महाराष्ट्र फडावर नाही.

मी मजुराच्याच घरात वाढलोय. आमच्या वस्तीत दर दोन घरांमागे एक शेवगा. पाला खाली पडून सडायचा. माझ्या वहिनीला पाचव्या महिन्यापासून आईने मोजून वाढायला सुरुवात केली. का? तर पोर मोठं झालं की बाळंतपण अडतं. पपई नको, वांगं नको, दही नको. हे अज्ञान नाही तर काय? घरात दूध होतं, ते भावाच्या चहात जायचं.

आणि पुरावाच हवा असेल तर पुण्याजवळच्या सहा गावांमधला नव्वदच्या दशकातला अभ्यास बघा. बाईने एकूण किती उष्मांक खाल्ले यापेक्षा पालेभाज्या, फळं, दूध किती वेळा खाल्लं, याचा बाळाच्या वजनाशी जास्त संबंध दिसला होता. मग पाच रंग सांगणारीवर एवढा राग का?

गणिती

थोडी दुरुस्ती. तो दहा गटांचा निर्देशांक एकेका बाईचं ताट तपासायला नाही, समूहाचं चित्र बघायला आहे. आणि त्यात बटाटा भाजीत धरत नाहीत, धान्याच्या गटात जातो. 15 ग्रॅमपेक्षा कमी असलेला पदार्थ मोजतच नाहीत. म्हणजे फोडणीतला लसूण, वरची कोथिंबीर बाद. वडापावमध्ये पाव आणि बटाटा मिळून गट एकच, आणि बेसन पुरेसं असेल तर दुसरा.

वायफळ

गणिती, वडापावला हात लावू नका, दंगल होईल.

सुईण

मी सरकारी दवाखान्यात प्रसूती विभागात काम करते, म्हणून दोघांनाही थोडं सुनावते.

बाराखडी, पुण्याचा अभ्यास सांगितलात, मुंबईचा सोयीने विसरलात. तिथल्या झोपडपट्ट्यांत बायकांना गर्भ राहण्याच्या आधीपासून रोज पालेभाजी, फळ, दूध घातलेला खाऊ दिला. 2014 साली निष्कर्ष छापून आले. सरसकट पाहिलं तर बाळांच्या वजनात म्हणावा असा फरक नाही. गर्भ राहण्याआधी किमान तीन महिने ज्यांनी खाल्लं त्यांच्या बाळांचं वजन सरासरी पन्नासेक ग्रॅम वाढलं. आणि अगदी बारीक अंगाच्या बायकांत तेवढाही फायदा दिसला नाही. बहुधा अर्धपोटी बाईच्या अंगात गेलेली पालक तिचंच शरीर जाळून टाकतं. आधी पोट, मग रंग.

माळरान, तुम्हीही ऐका. सगळं गरिबीवर ढकलू नका. देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायकांचं रक्त कमी आहे, 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत 52.2 टक्के. लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात, 180 दिवस घ्यायच्या. घरी जाऊन बघितलं तर फडताळात जशाच्या तशा. शी काळी होते, मळमळतं, पोट कडक होतं, आणि याबद्दल आधी कुणी दोन शब्द बोललेलं नसतं. बोललं तर घेतात. चहाबरोबर घेऊ नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नको, लिंबू पिळलेल्या जेवणानंतर घे. याला पैसा लागत नाही, वेळ लागतो. ओपीडीत एका बाईला मी दोन मिनिटं देते, ती लाज माझी नाही.

वायफळ

गोळ्यांचं सोडा. अंगणवाडीतून गरोदर बायकांसाठी ती पोषण आहाराची पाकिटं येतात ना, आमच्या गावात त्यांवर शेळ्या माजल्यात. सरकारला शेळ्यांचं पोषण करायचंय तर सरळ सांगावं. सेविका वाटतात कशाला, थेट गोठ्यात ठेवा.

बालवाडीवाली

आले एकदाचे शेळीवर. वाटच बघत होते.

अहो, पाकीट आम्ही बनवत नाही. येतं ते वाटतो. गोडूस चव, तीच चव महिनोन्महिने, उलट्या होणाऱ्या बाईने ती कशी गिळायची, हे आम्ही दर बैठकीत सांगतो. ज्यांनी ऐकायचं ते माना डोलावतात. वर आता लाभार्थीचा चेहरा मोबाईलमध्ये जुळला तर पाकीट. आमच्या पाड्यावर रेंजसाठी टेकाडावर जावं लागतं. आठवा लागलेल्या बाईला टेकाडावर चढवू का फोटोसाठी? ती कामावर गेली की सासू येते पाकीट न्यायला, सासूचा चेहरा जुळत नाही. मग ती मलाच शिव्या घालते, आणि संध्याकाळी तुमच्यासारखा कुणी विचारतो, बाई, पाकिटं कुठं गेली?

वायफळ

मी विनोद केला होता.

बालवाडीवाली

विनोद आमच्याच जीवावर होतो दर वेळी. डिसेंबर 2023 मध्ये संपावर गेलो तेव्हा हेच लोक लिहीत होते, चार तासांच्या कामाला किती पैसे हवेत म्हणून. चार तास? वजन, गृहभेटी, लसीकरणाला बायका गोळा करणं, नोंदी रजिस्टरमध्ये आणि त्याच पुन्हा मोबाईलमध्ये. मानधन म्हणतात त्याला, पगार नाही.

उंबरठा

संपाचा विषय निघालाच आहे तर माझं मत...

माळरान

उंबरठा, कृपा करा. संपावर वेगळा धागा काढा, मी स्वतः येईन भांडायला.

मुद्दा पाकिटाचा नाही, बसून जेवण्याचा आहे. आदिवासी भागात अब्दुल कलामांच्या नावाने अमृत आहार योजना आहे, 2015 पासून. शेवटच्या तिमाहीपासून बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत आईला एक वेळचं गरम जेवण: भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, पालेभाजी, गूळ-शेंगदाण्याचा लाडू, अंडं किंवा केळं. मोजा गट. एकाच ताटात पाच सहज भरतात आणि कुणाला रंग शिकवावे लागत नाहीत. हे शेवटच्या तिमाहीतच का, आणि आदिवासी भागापुरतंच का? शहरातल्या झोपडपट्टीतली बाई काय हवा खाते?

बाराखडी

एका जेवणाला सुरुवातीला 22 रुपये धरले होते, पुढे 35 झाले. त्यात अंडं, लाडू, पालेभाजी. तुम्ही करून दाखवा एकदा. आणि भर दुपारी अंगणवाडीत बसून जेवायला तिची मजुरी कोण बुडवून देणार? मग ती डबा घरी नेते. डबा घरी गेला की अंडं कुणाच्या पानात पडतं, ते मी सांगायला नको.

बालवाडीवाली

हे मात्र खरं लिहिलंत. आमच्याकडे अंडं धाकट्या पोराला जातं. आई म्हणते, मला वासाने मळमळतं. मळमळत नसतं. म्हणून मी पुढ्यात बसवून खायला लावते. त्यावरही घरची माणसं बोलतात. आणि पैसे वेळेवर आले नाहीत की किराणावाल्याची उधारी माझ्या नावावर, तेही लिहून ठेवा.

गणिती

मग जेवणाऐवजी रोख द्या. पहिल्या बाळाला मातृवंदना योजनेचे 5,000 मिळतातच, हप्त्याने.

सुईण

आणि दुसऱ्याला फक्त मुलगी झाली तर 6,000. दुसरा मुलगा असेल तर त्याच्या आईला भूक लागत नाही, अशी बहुधा शास्त्रीय धारणा आहे. शिवाय रक्कम हाती येईपर्यंत बऱ्याचदा पोर रांगायला लागलेलं असतं. रोख चालेल, पण पोट वाढत असताना द्या.

बाराखडी

बरं बाबा, बरं. रेशनवर डाळ, तेल, अंडी सुरू करा, पहिली सही माझी. गरिबी नाही असं मी म्हणालोच नव्हतो. पण त्या डाळीची आमटी झाल्यावर पहिली वाटी कुणाला, हे कुठल्याही शासन निर्णयात येत नाही. ते घरात जाऊन बोलावंच लागतं, आणि सासूशी बोलावं लागतं, सुनेशी नाही. लेख लिहिणाऱ्या ताईंची चूक असेल तर ती इथे आहे.

माळरान

सासूशी बोला, जरूर बोला. फक्त तिलाही आयुष्यभर शेवटची वाटीच मिळाली आहे, हे लक्षात ठेवून बोला. आणि पातेल्यात आमटी असताना बोला.

वायफळ

एकंदरीत शेळ्या निर्दोष सुटल्या म्हणायच्या.

बालवाडीवाली

तुमचा तालुका कळवा, नोंदणी करून घेते. चेहरा जुळला तर शेळीलाही पाकीट मिळेल.